विदर्भाच्या मोकळ्या आभाळात ग्लायडरला वाट देताना

प्रश्न दारव्ह्याकडच्या एका शिकाऊ वैमानिकाचा आहे. सोलो (एकट्याने उड्डाण) झालंय, क्रॉसकंट्री (दुसऱ्या ठिकाणापर्यंतची लांब उड्डाणं) सुरू आहेत. तो उडतो त्या धावपट्टीवर टॉवर नाही, आणि दिवाळीनंतर तिथे ग्लायडरवाल्यांचा, म्हणजे बिनइंजिनाची विमानं उडवणाऱ्यांचा, एक गट मुक्कामाला यायचं घाटतंय. तो विचारतो: ‘मित्र म्हणतो, ग्लायडर दिसलं की वाट द्यायची, एवढं पाठ असलं की झालं. एवढ्यावर भागेल का? की आम्हाला आमचं उडणंच बदलावं लागेल?’

भागणार नाही. मित्राचा नियम बरोबर आहे, पण तो ग्लायडर दिसल्यानंतरचा नियम आहे, आणि ग्लायडर वेळेत दिसत नाही हीच खरी अडचण आहे. मी ग्लायडिंग हडपसरला शिकलो, पुढची वर्षं इंजिनाच्या विमानांवर शिकवण्यात गेली, त्यातली बरीच विदर्भात. दोन्ही बाजूंनी पाहून माझं मत असं झालंय की इंजिनवाल्याने ग्लायडर शोधण्याआधी हवा वाचायला शिकावं. हवा कुठे वर जातेय हे ज्याला कळतं, त्याला ग्लायडर कुठे असेल हेही कळतं, आणि मग तो मुळात तिथे जातच नाही.

तरी नियम आधी उरकून टाकू. शिकागो कराराच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीच्या कराराच्या) अ‍ॅनेक्स 2 मध्ये हवेतले नियम आहेत आणि आपले भारतातले नियम त्याच धर्तीवर आहेत. दोन विमानं साधारण एकाच उंचीवर एकमेकांच्या मार्गात येत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं आहे त्याने वाट द्यायची. याला अपवाद म्हणजे इंजिनाच्या विमानाने ग्लायडरला, बलूनला आणि एअरशिपला वाट द्यायची, मग ते कुठल्याही हाताला असो. ग्लायडरनेही बलूनला वाट द्यायची असते, हे पुष्कळ ग्लायडरवाले सोयीस्कर विसरतात. दुसऱ्याला ओढून नेणारं विमान असेल तर इंजिनवाल्याने त्यालाही वाट द्यायची. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं. मागून गाठत असाल तर उजवीकडून जायचं आणि पूर्ण पुढे निघून जाईपर्यंत अंतर राखायची जबाबदारी तुमची. उतरताना खालच्या विमानाचा हक्क आधी, पण तिथेही इंजिनवाल्याने ग्लायडरला वाट द्यायची, कारण त्याला गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, जमत नाही. हक्क कुणाचाही असो, टक्कर टाळायची जबाबदारी दोघांचीही राहते, हेही त्याच नियमांत लिहिलेलं आहे.

आणि अनियंत्रित आकाश म्हणजे बेवारस नव्हे. क्लास जी, म्हणजे अनियंत्रित हवाईक्षेत्रात तुम्हाला दुसऱ्या विमानापासून दूर ठेवायला कंट्रोलर बसलेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ. साध्या क्रॉसकंट्रीलाही फ्लाइट प्लॅन, एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) आणि एडीसी (हवाई संरक्षण परवानगीचा) क्रमांक हे सोपस्कार सुटत नाहीत. नागपूरच्या हद्दीत, गोंदियाच्या बिरसी किंवा अमरावतीच्या बेलोरा विमानतळाकडे शिरलात की मामला वेगळा. हे उत्तर त्यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यांबद्दल आहे.

आता दिसण्याचं बघू. तुमची इंजिनाची सेसना 110 नॉटने येतेय, समोरून ग्लायडर 60 नॉटने. दोघं मिळून 170 नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे 87 मीटर. अमेरिकेच्या एफएएने (विमानवाहतूक प्रशासनाने) एक हिशेब मांडून ठेवलाय: वस्तू डोळ्यांत शिरल्यापासून ती ओळखणं, टक्कर होणार हे उमगणं, काय करायचं ते ठरवणं, हात हलवणं आणि विमानाने ते ऐकणं, या सगळ्याला मिळून 12.5 सेकंद लागतात. तेवढ्यात तुमच्यातलं अंतर एक किलोमीटरहून जास्त कमी झालेलं असतं. म्हणजे ग्लायडर किलोमीटरभर लांब असताना दिसलं, तर ते उशिरा दिसलं.

आणि किलोमीटरवरून समोरून येणारं ग्लायडर दिसतं तरी कसं? पंखांचा पसारा 15 मीटर असतो, पण समोरून त्या पंखाची जाडी जेमतेम दहा-पंधरा सेंटिमीटर. चांगल्या डोळ्याला किलोमीटरवरून साधारण तीस सेंटिमीटरपेक्षा बारीक गोष्ट सुटी दिसत नाही. म्हणजे पंख जवळजवळ गायब. उरतं ते धड, तेही सगळं मिळून पाऊण-एक मीटर उंचीचं. दहा मीटरवर ठेवलेला तुरीचा दाणा जेवढा दिसेल तेवढं. त्यात तो दाणा पांढरा आणि मागचं आभाळ धुरकट पांढरं.

त्याहून वाईट म्हणजे ज्याच्याशी खरोखर टक्कर होणार आहे ते विमान काचेवर जागचं हलत नाही. आपला डोळा हलणाऱ्या गोष्टी टिपायला तरबेज आहे, पण एकाच जागी राहून हळूहळू मोठा होणारा ठिपका त्याला काचेवरचा किडा वाटतो. शेवटच्या काही सेकंदांत तो एकदम फुगतो. म्हणून नुसतं बाहेर बघत बसून भागत नाही, नजर तुकड्यातुकड्याने फिरवावी लागते. एका तुकड्यावर सेकंदभर थांबायचं, मग पुढचा. मान वळवायची आणि डोकं पुढे-मागे करायचं, कारण काचेचा खांब बरोबर एक ग्लायडर झाकेल एवढा रुंद असतो. सेसनासारख्या वरच्या पंखाच्या विमानात वळायच्या बाजूचा पंख आधी उचलून बघा आणि मगच वळा. डायमंड डीए-40 सारख्या खालच्या पंखाच्या विमानात आंधळी बाजू खाली असते, तेव्हा उतरताना सरळ रेषेत न येता हलक्या वळणांनी या.

मानेचं मी उगाच सांगत नाही. 14 जून 2009 रोजी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या ड्रेटनजवळ रॉयल एअर फोर्सचं ग्रॉब ट्यूटर हे शिकाऊ विमान आणि एक स्टँडर्ड सिरस ग्लायडर यांची टक्कर झाली. दिवस उजेडाचा, आकाश असंच अनियंत्रित. ट्यूटरमधला वैमानिक आणि त्याच्यासोबतचा कॅडेट दोघेही गेले. ग्लायडरचा वैमानिक पॅराशूटने उतरला. चौकशीत निघालं की ट्यूटरच्या वैमानिकाला पाठीच्या कण्याचा जुना आजार होता आणि त्यामुळे त्याची मान मोकळी वळत नव्हती. नियम दोघांनाही पाठ असणारच.

म्हणून हवा. हा भाग मी सविस्तर सांगतो, कारण फ्लाइंग स्कूलमध्ये थर्मल (वर जाणारी तापलेली हवा) म्हणजे ‘धक्के बसतात ते’ एवढंच शिकवून पुढे जातात.

ग्लायडरला वर राहायचं तर वर जाणारी हवा लागते, आणि विदर्भात ती मुख्यतः तापलेल्या जमिनीवरून उठते. जमीन सगळीकडे सारखी तापत नाही. यवतमाळ, अमरावती, अकोल्याकडची काळी माती, त्यातही पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटून नांगरलेलं वावर, आजूबाजूच्या हिरव्या शेतापेक्षा किती तरी आधी आणि जास्त तापतं. कापसाची उलंगवाडी (शेवटची वेचणी) झाली, उन्हाळवाही (उन्हाळी नांगरट) सुरू झाली की नकाशावर पाहा: नांगरलेला काळा पट्टा आणि त्याला लागून ओलिताचा हरभरा किंवा संत्र्याचा बगीचा. हवा सुटते ती बहुधा या दोहोंच्या सीमेवर, धुऱ्याच्या आसपास. गावाची टिनाची छपरं, जिनिंगचं आवार, वणी आणि घुग्घुसकडच्या उघड्या कोळसा खाणी, रस्त्याकडेच्या गिट्टी खदानी हीसुद्धा तशीच ठिकाणं. मेळघाटच्या पायथ्याशी गाविलगडाच्या दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारांवर सकाळचं ऊन आधी लागतं, तिथे हवा सपाटीच्या आधी चालू होते. उलट भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांत पाणी उभं असेतोवर आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांवर दुपारीही हवा मेलेली. तिथे ग्लायडर घिरट्या घालताना क्वचितच दिसेल. दिसलं तर समजा तो अडचणीत आहे आणि उतरायला जागा शोधतोय.

जमीन कळली तरी एक चूक हटकून होते. थर्मल खांबासारखा सरळ उभा नसतो. वारा दहा नॉट असेल आणि हवा मिनिटाला 600 फूट चढत असेल, तर 3000 फुटांवर पोहोचेपर्यंत पाच मिनिटं जातात आणि तेवढ्यात ती दीड किलोमीटर वाहून गेलेली असते. वावर इथे आणि ग्लायडर तिकडे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. घारी बघा, त्या नेमक्या तिथे असतात. पाच-सात घारी पंख न हलवता एकाच दिशेने फिरताना दिसल्या की तिथे थर्मल आहे याबद्दल शंका घेऊ नका. मी शिकवताना घारी दाखवून विचारतो, इथे ग्लायडर असतं तर किती उंचीवर असतं? पोरं आधी हसतात. शिवाय घार पंख्यात गेली तरी दिवस खराबच होतो, तेव्हा तिला चुकवायची सवय कुठल्याही अर्थाने वाया जात नाही.

तुमचं विमानही तुम्हाला थर्मल सांगतं. पॉवर तीच, नाक तिथेच, आणि अल्टिमीटर आपोआप चढायला लागला, किंवा उंची राखायला नाक दाबावं लागलं, की तुम्ही वर जाणाऱ्या हवेत शिरलात. बहुतेक शिकाऊ त्या क्षणी मान खाली घालून उंची सांभाळत बसतात. नेमकं तेव्हाच डोकं वर हवं. शंभर फूट उंची चुकली तर मी रागावणार नाही, पण बाहेर न बघता अचूक उंची धरलीत तर जरूर रागावेन.

ऋतू बदलला की चित्रही बदलतं. माझ्या मते सर्वांत वाईट काळ ऑक्टोबरचा. पाऊस उघडलेला, आभाळ निळं, कापसाच्या बोंडासारखे पांढरे ढग, आणि सगळ्यांना उडायची हुक्की. दुपारी तापमान 32 आणि दवबिंदू 23 असेल तर फरक 9 अंशांचा. दर अंशाला साधारण 400 फूट धरले तर ढगाचा तळ जमिनीपासून 3600 फुटांवर येतो. तुम्हाला व्हीएफआरमध्ये (डोळ्यांनी बघून उडण्याच्या नियमांत), समुद्रसपाटीपासून 3000 फुटांच्या वर असाल तर, ढगापासून 1000 फूट खाली राहायचंय. म्हणजे तुमची कमाल उंची जमिनीपासून 2600 फूट. ग्लायडर हजार-दीड हजार फुटांच्या खाली आलं की त्याला उतरायचे वेध लागतात, म्हणजे तोही त्याच्या वरच. सगळी गर्दी या हजारभर फुटांच्या थरात कोंबलेली. ढगाचा नियम ग्लायडरलाही लागू आहे, पण हवा तळाशी सर्वांत जोरात ओढते, तेव्हा तळाजवळ कुणी नसेल असं धरून चालू नका.

मे महिन्यात उलट. तापमान 44, दवबिंदू 8. त्याच हिशेबाने तळ 14,400 फुटांवर, म्हणजे व्यवहारात ढग नाहीतच. हवा मात्र नवतपात बेफाम वर जाते. ढगांची खूण नसल्याने ग्लायडर कुठेही असू शकतं. खुणा म्हणून घारी आणि जमिनीवरच्या वावटळी. पाचोळा आणि माती घेऊन गिरकी मारणारी वावटळ म्हणजे थर्मलचं मूळ. तिच्यावरून कमी उंचीवर जाऊ नका, ग्लायडर असो वा नसो. उंचीची मोकळीक जास्त म्हणून गर्दी विरळ असते, एवढं मे महिन्याचं चांगलं. डिसेंबर-जानेवारीत हवा अशक्त, पण इन्व्हर्जनखाली (वरच्या गरम हवेच्या थराखाली) धूर आणि धुकट अडकून बसतं. कागदावर पाच किलोमीटर दृश्यमानता असते आणि सूर्याकडे तोंड करून उडालात तर दोनही नसते. तेव्हा परतीचा मार्ग असा आखा की संध्याकाळी पश्चिमेला तोंड करून थर्मलच्या पट्ट्यातून यावं लागणार नाही.

मे महिन्याचं आणखी एक. हजार फूट उंचीच्या धावपट्टीवर 45 अंश तापमानात डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणावरून धरलेली उंची) पाच हजार फुटांच्या घरात जातो. त्या हवेत तुमचं दोन सीटचं विमान चढतं म्हणण्यापेक्षा कुरकुरत वर सरकतं. तेव्हा ‘चढून वाट देऊ’ हा विचार डोक्यातून काढून टाका. वाट वळून द्यायची. ग्लायडरकडेही इंजिन नाही, तेही वळू किंवा नाक खाली करू शकतं, बस्स.

आता समजा ग्लायडर दिसलं. ते थर्मलमध्ये फिरत असेल तर त्याचं वर्तुळ दीडशे-दोनशे मीटरचं, एक फेरी वीसेक सेकंदांची. त्यातल्या निम्म्या वेळात ते तुमच्याकडे पाठ करून असतं, तेव्हा त्याने तुम्हाला पाहिलंय असं गृहीत धरू नका. जाताना वाऱ्याच्या वरच्या अंगाने जा, कारण वर्तुळ वाऱ्याबरोबर खाली सरकत असतं आणि अंतर आपोआप वाढतं. किमान किलोमीटरभर लांबून. बरोबर खालून तर अजिबात नाही: तुमच्या पंखाने वरचं झाकलेलं, त्याच्या धडाने खालचं झाकलेलं. आणि एक ग्लायडर दिसलं की दुसरं शोधा. थर्मल सापडला की आजूबाजूची सगळी तिथेच गोळा होतात, वेगवेगळ्या उंचीवर, एकाच दिशेने फिरत. जो आधी आला त्याची दिशा बाकीचे पाळतात, हा त्यांचा आपसातला दंडक आहे. त्या माळेत तुमचं काम नाही.

फिरणारं ग्लायडर दिसायला सोपं, कारण वळताना पंखावर ऊन चमकतं. अवघड ते सरळ जाणारं. ढगांची रांग वाऱ्याच्या दिशेने लागली असेल, ऑक्टोबरात लागते, तर ग्लायडर त्या रांगेखालून न फिरता सरळ पळतं, तेही 80 नॉट किंवा जास्त वेगाने. तुम्ही त्या रांगेला समांतर, दोन रांगांच्या मधल्या मोकळ्या निळ्या पट्टीतून जा. तिथे हवा खाली जात असते, थोडं जास्त इंधन जाईल, पण ग्लायडरला तिथे थांबण्यात काही स्वारस्य नसतं. रांग ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा आणि उगाच रेंगाळू नका.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र घड्याळाचा आहे. ग्लायडरची हवा साधारण अकरानंतर जमते आणि पाचच्या सुमारास बसते. उन्हाळ्यात तुमची शाळा तशीही उजाडल्यापासून दहापर्यंत उडते. सर्किटचे (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांचे) तास, पहिले सोलो, स्टॉलचा (पंखांची उचल संपण्याचा) सराव सकाळीच उरकले तर निम्मा प्रश्न आपोआप मिटतो. हे सांगितलं की शाळेचे व्यवस्थापक म्हणतात, दुपारची विमानं रिकामी ठेवायची का? ठेवू नका. दुपारी इन्स्ट्रक्टरसोबतच्या क्रॉसकंट्री ठेवा, बाहेर बघायला डोळ्यांच्या दोन जोड्या तरी असतात.

पुढचा मुद्दा बारीक वाटतो, पण मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच वाटते. तुम्ही अल्टिमीटरवर क्यूएनएच लावता, म्हणजे उंची समुद्रसपाटीपासून. ग्लायडरवाल्यांची जुनी सवय क्यूएफईची, म्हणजे धावपट्टीवर उभं असताना शून्य. समुद्रकिनारी दोन्ही जवळपास सारखंच. पण नागपूरच्या आसपासची जमीन हजारेक फूट उंच आहे. ग्लायडर रेडिओवर म्हणालं ‘2500 फूट’ आणि तुमचा काटा 3500 दाखवतोय, तर तुम्ही निश्चिंत होता, मधे हजार फूट आहेत म्हणून. प्रत्यक्षात दोघं एकाच उंचीवर आहात. टॉवर नसलेल्या ठिकाणी ही विसंगती पकडणारा तिसरा कुणी नसतो. म्हणून गटाशी पहिल्याच बैठकीत ठरवा: हवेत बोलायची उंची फक्त क्यूएनएचवर. त्यांना कॉकपिटमध्ये शून्य लावायचं असेल तर खुशाल लावू द्या, पण बोलताना धावपट्टीची उंची मिळवून बोला म्हणावं. आणि कुणी उंची सांगितली की ती दोन मिनिटांनी शिळी झाली असं धरा. बऱ्या थर्मलमध्ये ग्लायडर तेवढ्यात हजार फूट वर गेलेलं असतं. तुमची ठरावीक क्रूझ उंची त्याला नसते, ते सतत एक तर चढत असतं नाही तर उतरत.

रेडिओबद्दल. धावपट्टीसाठी ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर दोघांनीही राहायचं, आणि बोलणं असं हवं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जागा उभी राहावी: ‘सेसना, अरुणावती धरणाच्या उत्तरेला तीन मैल, क्यूएनएच 3000, पूर्वेकडे’. ‘ट्रेनिंग एरियात आहे’ हे बाहेरच्याला काहीच सांगत नाही. तुमचा एरिया त्याला पाठ नाही. मात्र रेडिओवर कुणी बोललं नाही म्हणजे कुणी नाही, असं समजू नका. साध्या ग्लायडरमध्ये सगळं एका बॅटरीवर चालतं, आणि थर्मलमध्ये माळेत फिरताना वैमानिक दुसऱ्या ग्लायडरकडे बघेल की बटण दाबेल? बघेल, आणि बघावंच.

उपकरणांचंही तसंच. 28 ऑगस्ट 2006 रोजी अमेरिकेत नेवाडा राज्यात मिंडेनच्या परिसरात सुमारे 16,000 फुटांवर हॉकर 800 एक्सपी हे बिझनेस जेट आणि एक ग्लायडर यांची टक्कर झाली. ग्लायडरमध्ये ट्रान्सपॉन्डर (विमानाची ओळख आणि उंची रेडिओने कळवणारं यंत्र) होता, पण बॅटरी वाचवायला बंद ठेवलेला होता, त्यामुळे जेटच्या टक्करसूचक यंत्राला त्याचा पत्ताच लागला नाही. ग्लायडरचा वैमानिक पॅराशूटने वाचला, जेट कसंबसं पोटावर उतरलं. युरोपात ग्लायडरमध्ये फ्लार्म नावाचं छोटं यंत्र वापरतात. स्वित्झर्लंडमध्ये 2004 साली ते निघालं. ते आपली जागा आणि पुढच्या काही सेकंदांचा मार्ग आसपास प्रक्षेपित करतं आणि धोका दिसला की ओरडतं. चांगलं यंत्र आहे, पण ज्याच्याकडे फ्लार्म आहे त्यालाच फ्लार्म दिसतो. तुमच्या सेसनात नसेल तर त्यांच्या ग्लायडरमधल्याचा तुम्हाला उपयोग शून्य.

एकाच धावपट्टीवर उडायचं तर विंचचं, म्हणजे ग्लायडरला दोराने ओढून वर चढवणाऱ्या जमिनीवरच्या यंत्राचं, समजून घ्या. विंचवर ग्लायडर पतंगासारखं जवळपास 45 अंशांत चढतं आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात हजार-बाराशे फुटांवर जातं. मागे लोखंडी किंवा कृत्रिम दोर, काही मिलिमीटर जाडीचा. तो हवेतून दिसत नाही, आणि ग्लायडर सुटल्यावरही छोट्या पॅराशूटखाली काही वेळ खाली येत असतो. तेव्हा विंच चालू असताना धावपट्टीवरून सर्किटच्या उंचीवर आडवं जाणं साफ बंद. ‘वरून जाऊन वाऱ्याची दिशा बघतो’ ही सवय तुम्हाला कुणी तरी लावलेली असेल. इथे ती बाजूला राहून, दोर पोहोचतो त्याच्या बऱ्याच वर जाऊन करा, आणि आधी रेडिओवर विचारा. विंच नसून टो (विमानाने ओढून वर नेणं) असेल तर एवढंच: टो विमान दिसलं की त्याच्या मागे पन्नास-साठ मीटरवर दोराच्या टोकाला अजून एक आहे. दोघांच्या मधून वाट नसते.

उतरताना ग्लायडर तुमच्यापेक्षा आखूड आणि उभा सर्किट मारतं. तुम्ही लांब फायनलवर (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) असता आणि ते अचानक तुमच्या पुढे, वरून, एअरब्रेक उघडून खाली येतं. शिकाऊंना हा उद्दामपणा वाटतो. त्याच्याकडे दुसरा पर्याय नाही. गो-अराउंड तुम्ही करायचा, आणि तोही धावपट्टीच्या बाजूला सरकून, म्हणजे ते डोळ्यांसमोर राहील. उतरल्यावर ग्लायडर धावपट्टीवरच पडून राहतं, पोरं येऊन ढकलेपर्यंत. तेवढा वेळ धरा. शेजारी सपाट गवताची पट्टी असेल तर ग्लायडर तिच्यावर आणि तुम्ही डांबरावर, हे सगळ्यांत बरं.

ग्लायडरवाल्यांनाही दोन शब्द सांगा. हक्क आहे म्हणून तुमच्या लांब फायनलच्या रेषेत थर्मल घेत बसू नका म्हणावं. पंखांच्या टोकाला आणि शेपटीला लाल किंवा केशरी पट्टे लावून घ्या, आपल्याकडच्या पांढुरक्या आभाळात निखळ पांढरं ग्लायडर हरवतं. आणि जाताना कुणीकडे चाललोय ते एकदा तरी रेडिओवर सांगा.

उंची संपली म्हणून एखादं ग्लायडर सोयाबीन निघालेल्या वावरात उतरताना दिसलं तर बघायला खाली घिरट्या घालू नका. त्याला त्या क्षणी रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारा, विजेचे खांब आणि काळ्या मातीच्या भेगा बघायच्या असतात, तुम्हाला नाही. उंच राहून जागा नोंदवा, त्यांच्या गटाला रेडिओवर कळवा आणि आपल्या वाटेला लागा. खालच्या थरात फवारणीचे ड्रोनही आता सगळीकडे आहेत. ते पिकाच्या डोक्यावर दोन-तीन मीटरवर असतात, पण इतर ड्रोन हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत जाऊ शकतात, तेव्हा फोर्स्ड लँडिंगचा सराव पाचशेवरच सोडा.

गट आला की पहिल्या दिवशी तासभर एकत्र बसा. क्यूएनएच, फ्रीक्वेन्सी, कोणत्या बाजूला कुणाचा सर्किट, विंच चालू असल्याची जमिनीवरची खूण, दुपारच्या वेळा, आणि दोर तुटल्यावर किंवा तुमचं इंजिन बंद पडल्यावर कुणी कुठे सरकायचं, एवढं कागदावर घ्या. दोन्ही बाजूंच्या प्रमुखांनी सह्या करून तो कागद जिथे फ्लाइट प्लॅन भरता त्या टेबलावर लावा. मग तुमच्या शाळेतल्या प्रत्येक शिकाऊला ग्लायडरमध्ये दुसऱ्या सीटवर एक लाँच (उड्डाण) मिळवून द्या, आणि त्याच वेळी तुमची सेसना त्याच परिसरात उडत ठेवा. ती पहिल्यांदा कधी दिसली ते त्याला उतरल्यावर विचारा.